सुईला परवाना हवा, पण कशाचा?

पुण्यात किंवा नाशकात टॅटू स्टुडिओ काढायचा तर काय लागतं? भाड्याचा एक गाळा, ऑनलाइन मागवलेलं मशीन, शाईच्या काही बाटल्या आणि भिंतीवर लावायला चार चांगले फोटो. कागदपत्रांचं म्हणाल, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर सरकारला ऑनलाइन सूचना दिली की भागतं. लोक अजूनही त्याला गुमास्ताच म्हणतात. दुकान किराण्याचं असो की टॅटूचं, कागद तोच. दुसऱ्याच्या त्वचेत सुई घालणाऱ्या माणसानं त्यासाठी काही शिकलेलं असावं, त्याच्या हातून संसर्ग होणार नाही याची कुणीतरी खात्री केलेली असावी, अशी अट त्यात नाही. या व्यवसायासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. किती वयाच्या मुलाला टॅटू काढून द्यावा, हेही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

परवाना हवा, ही मागणी आता दोन बाजूंनी होते. त्वचारोगतज्ज्ञ ती करतात, कारण पिकलेले, गाठी आलेले, लाल शाईची ॲलर्जी झालेले हात शेवटी त्यांच्याच दवाखान्यात येतात. आणि जम बसलेले टॅटू आर्टिस्टही करतात. शेजारच्या गल्लीत कुणी चारशे-पाचशे रुपयांत टॅटू काढून देतो, तिथं बिघडलेलं काम झाकायला लोक यांच्याकडे येतात, आणि या गोंधळात सगळ्या धंद्याचं नाव खराब होतं, अशी त्यांची तक्रार असते. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांचा रोख वेगळा आहे. डॉक्टरांना काळजी रक्ताची आहे, आर्टिस्टना काळजी कामाच्या दर्जाची आणि काही अंशी दराचीही आहे. एकाच परवान्यात या दोन्ही गोष्टी कोंबल्या तर काय होईल, याचा विचार आधी व्हायला हवा.

आधी रक्ताची बाजू पाहू. टॅटूची सुई त्वचेच्या वरच्या थरातून आत साधारण एक ते दोन मिलिमीटर जाते, तीही मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा. शाई टिकते ती या खालच्या थरात, आणि तिथं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. म्हणजे प्रत्येक टॅटूत सुई रक्ताला लागते. हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस संसर्ग करण्याइतका तगून राहतो, आणि तो डाग डोळ्यांना दिसावा लागत नाही. रुग्णालयात दूषित सुई चुकून टोचलेल्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून एक अंदाज मिळतो. एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. टॅटूच्या सुईला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण जास्त भ्यायचं कशाला हे त्यातून कळतं. बातम्या एचआयव्हीच्या होतात. २०२२ मध्ये वाराणसीत स्वस्तात टॅटू काढलेल्यांना एचआयव्ही झाल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात हेपॅटायटिस बी असलेल्या लोकांचा अंदाज २.९८ कोटी आहे, सी असलेल्यांचा ५५ लाख. त्यातल्या फार थोड्यांना आपल्याला तो आहे हे ठाऊक असतं. टॅटूच्या खुर्चीत बसणारा कुठलाही माणूस त्यांपैकी एक असू शकतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

सरकारला हा धोका ठाऊक नाही असंही नाही. टॅटू काढलेल्या माणसाचं रक्त बारा महिने घेऊ नये, असा आपल्याकडच्या रक्तदानाचा नियम आहे. रक्त घेणाऱ्याच्या बाबतीत एवढी सावधगिरी बाळगणारं सरकार टॅटू काढून घेणाऱ्याच्या बाबतीत काहीच बोलत नाही, ही विसंगती मला परवान्याच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा वाटते.

दुसरा मुद्दा आहे तो ग्राहकाला काय दिसतं याचा. नीट चालवलेल्या स्टुडिओत काम सुरू होण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं तयारीत जातात. खुर्चीच्या हातावर, टेबलावर, दिव्याच्या दांड्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळलं जातं. मशीनवर पिशवी चढते, वायरीवर प्लास्टिकची लांब नळी. शाई मोठ्या बाटलीतून इवल्याशा टोप्यांमध्ये ओतली जाते आणि उरलेली फेकली जाते, पुन्हा बाटलीत जात नाही. सुईचं कार्ट्रिज ग्राहकासमोर पाकीट फोडून निघतं. इथवर सगळं ग्राहकाला दिसतं आणि त्याचा विश्वास बसतो. मग काम सुरू होतं, तासाभरात आर्टिस्टचा फोन वाजतो, तो रक्ताळलेल्या ग्लोव्ह्जनिशी फोन उचलून कानाला लावतो, ठेवतो आणि पुन्हा काम करू लागतो. ग्राहकाला यात वावगं वाटत नाही. पण आता फोनवर त्याचं रक्त आहे, आणि आधीच्या ग्राहकाचं काही फोनवर असेल तर ते त्याच्या उघड्या जखमेत आहे. तसंच कार्ट्रिजचं. चांगल्या कार्ट्रिजमध्ये आत एक पातळ पडदा असतो, तो शाई आणि रक्त मशीनमध्ये मागे जाऊ देत नाही. हलक्या मालात तो नसतो. मग सुई नवी असली तरी मशीनच्या पोटात मागच्या माणसाचं रक्त राहतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

चित्र वाईट आलं तर ग्राहकाला आरशात दिसतं, तो चारचौघांत सांगतो, फोटो टाकतो, तो आर्टिस्ट मागे पडतो. हे काम बाजार करतो आणि बऱ्यापैकी करतो. हेपॅटायटिसची कावीळ मात्र दीड-दोन महिन्यांनी, कधी पाच-सहा महिन्यांनी दिसते, कित्येकदा वर्षानुवर्षं दिसतच नाही. दिसली तरी ती कुठून आली हे सिद्ध करता येत नाही. तिथं बाजाराला काही कळत नाही, म्हणून सरकारनं मध्ये यावं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या संशोधकांनी टॅटू आणि हेपॅटायटिस सी यांच्या संबंधावरचे तोवरचे अभ्यास तपासले. व्यावसायिक स्टुडिओत काढलेल्या टॅटूमुळे लागण होते, असा ठाम पुरावा त्यांना सापडला नाही. धोका वाढलेला दिसला तो तुरुंगात काढलेल्या आणि मित्रमंडळींनी घरी काढून दिलेल्या टॅटूंमध्ये. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना वापरता येतो. परवान्याचे समर्थक म्हणतील, बघा, नियमांखालचे स्टुडिओ सुरक्षित आहेत. विरोधक म्हणतील, धोका जिथं आहे तिथं परवाना पोचतच नाही, मग जे आधीच नीट काम करतात त्यांच्यावर बोजा कशाला? मला त्यातून तिसरीच गोष्ट दिसते. खरा धोका नियमाबाहेरच्या माणसाकडे असेल, तर जो नियम लोकांना बाहेर ढकलतो तो स्वतःच धोका वाढवतो. टॅटूच्या परवान्याबद्दलची प्रत्येक सूचना या कसोटीवर तपासायला हवी, की ही अट माणसाला आत आणते की बाहेर घालवते?

बाहेर घालवणाऱ्या नियमांचा इतिहास मोठा आहे. न्यूयॉर्क शहरानं १९६१ मध्ये हेपॅटायटिस बीचं कारण देऊन टॅटूवर बंदी घातली. ती १९९७ पर्यंत होती. या ३६ वर्षांत न्यूयॉर्कमध्ये टॅटू काढणं थांबलं नाही, ते घरांमध्ये आणि मागच्या खोल्यांमध्ये गेलं, जिथं कुठलाही आरोग्य निरीक्षक जाऊ शकत नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदी १९६२ पासून २००० पर्यंत टिकली, ओक्लाहोमामध्ये २००६ पर्यंत. दक्षिण कोरियानं बंदीऐवजी वेगळी वाट धरली. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भुवयांच्या टॅटूच्या एका खटल्यात ही वैद्यकीय क्रिया असल्याचं ठरवलं, म्हणजे ती करायचा अधिकार फक्त डॉक्टरला. पण कोरियात डॉक्टर टॅटू काढत नव्हते. काढणारे हजारो कलाकार होते, आणि ते सगळे एका निकालानं गुन्हेगार ठरले. ग्राहकानं तक्रारीची धमकी देऊन पैसे उकळले तरी त्यांना पोलिसांकडे जाता येत नव्हतं. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये कोरियाच्या संसदेनं टॅटू कलाकारांसाठी राष्ट्रीय परीक्षा आणि परवान्याचा कायदा केला, आणि तयारीसाठी त्याच्या अंमलबजावणीला दोन वर्षांचा अवधी ठेवला. या सुधारणेला ३३ वर्षं लागली. जपानमध्ये ओसाकाचे तैकी मासुदा यांनी वैद्यकीय परवान्याशिवाय टॅटू काढल्याबद्दलचा दंड भरायला नकार दिला आणि ते न्यायालयात लढले. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं टॅटू ही वैद्यकीय क्रिया नाही असा निर्वाळा दिला.

हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडेही 'टॅटू फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली' अशी सूचना अधूनमधून कानावर येते. ऐकायला ती जबाबदार वाटते. महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ मिळायची मारामार असताना तो टॅटूवर देखरेख ठेवायला कुठून येणार? ही सूचना म्हणजे वेगळ्या नावाची बंदीच आहे.

बंदी नको म्हटल्यावर प्रश्न उरतो प्रशिक्षणाचा, आणि इथं देशोदेशीचे नियम एकमेकांपासून इतके लांब आहेत की आश्चर्य वाटतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात परवान्यासाठी मान्यताप्राप्त शाळेत किमान ३६० तास शिकावं लागतं. त्यात २१० तास पुस्तकी, १५० तास प्रत्यक्ष काम आणि किमान ५० पूर्ण केलेले टॅटू. त्याच देशातल्या न्यूयॉर्क शहरात संसर्ग टाळण्याचा जेमतेम तीन तासांचा वर्ग आणि त्यावरची परीक्षा पुरते. फ्रान्सनं २००८ मध्ये मधला मार्ग काढला आणि स्वच्छतेचं २१ तासांचं शिक्षण सक्तीचं केलं. तिथं चित्रकला कुणी तपासत नाही. वेल्समध्ये २९ नोव्हेंबर २०२४ पासून टॅटू, शरीर टोचणं, अॅक्युपंक्चर आणि इलेक्ट्रोलिसिस या चारही कामांना परवाना लागतो. त्यासाठी संसर्ग प्रतिबंधाचा ठरलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, जागेला वेगळी मान्यता घ्यावी लागते, आणि परवानाधारकांची यादी कुणालाही पाहता येते.

ओरेगॉनचा आकडा वाचून आपल्याकडच्या कुणालाही वाटेल, की असंच हवं, जितकं शिक्षण जास्त तितकं बरं. मला ते पटत नाही. या धंद्यातलं खरं शिक्षण आजही उमेदवारीतूनच होतं. पोरगं कुणातरी उस्तादाकडे लागतं. पहिले काही महिने फरशी पुसणं, स्टेन्सिल काढणं, खुर्ची गुंडाळणं. मग फळांच्या सालीवर, कृत्रिम कातड्यावर रेघा मारणं. मग स्वतःच्या मांडीवर, मग एखाद्या धाडसी मित्राच्या दंडावर. हात किती दाबायचा, कातडं किती ताणायचं, गोऱ्या आणि सावळ्या त्वचेवर रंग कसा वेगळा बसतो, केलॉइडची, म्हणजे जखमेवर जाड वण वाढण्याची, प्रवृत्ती असलेल्या माणसाला 'नको' कसं म्हणायचं, हे तो बघत बघत शिकतो. हे शिकायला कुणाला सहा महिने लागतात, कुणाला तीन वर्षं. तासांचं मोजमाप याला बसत नाही. आणि सरकारनं मोजायचं ठरवलं की काय होतं, ते आपण इतर क्षेत्रांत पाहिलेलं आहे. ३६० तासांची अट आली, की सहा महिन्यांत गल्लोगल्ली टॅटू अकादमी निघतील, लाख-दीड लाख फी घेतील आणि हजेरीपट भरून प्रमाणपत्र देतील. ज्या पोरानं उस्तादाकडे तीन वर्षं काढली, त्याच्याकडे कागद नसेल. ज्यानं पैसे भरले, त्याच्याकडे असेल. रेघ वाकडी आली तर ते ग्राहकाला दिसतंच, त्यासाठी सरकारी शिक्क्याची गरज नाही.

प्रशिक्षणाची मर्यादा दाखवणारं एक प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागात १९ जणांच्या टॅटूंवर फोड आले, महिनोन्महिने बरे होईनात. तपासात मायकोबॅक्टेरियम चेलोनी नावाचा जंतू सापडला. ज्याच्याकडे हे टॅटू काढले होते त्या आर्टिस्टची कामाची पद्धत स्वच्छ होती. दोष निघाला करड्या छटेच्या तयार शाईत. ती पातळ करताना कारखान्यात निर्जंतुक न केलेलं डिस्टिल्ड पाणी वापरलं होतं. आर्टिस्टनं हजार तास प्रशिक्षण घेतलं असतं तरी बंद बाटलीतला जंतू त्याला दिसला नसता.

म्हणून शाईचा प्रश्न सुई धरणाऱ्यावर ढकलणं चुकीचं आहे. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या सुमारे ४,००० रसायनांवर मर्यादा घातल्या, आणि त्याचा भार उत्पादकांवर आणि विक्रेत्यांवर टाकला. आपल्याकडे कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी २०२५ च्या सुरुवातीला शाईच्या नमुन्यांत घातक धातू आढळल्याचं सांगून केंद्रानं मानकं ठरवावीत असा आग्रह धरला. तो योग्य होता. शाई कुरिअरनं कुठूनही येते, त्यामुळे हे काम राज्याच्या आवाक्यातलं नाही. ते दिल्लीतच व्हायला हवं, आणि त्याची वाट पाहत राज्यानं परवान्याचं काम थांबवायचंही कारण नाही.

आता जत्रेकडे येऊ, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न वांद्र्याच्या किंवा कोरेगाव पार्कच्या काचेआडच्या स्टुडिओत सुटणार नाही. गोंदण आपल्याकडे नवं नाही. आपल्या आज्यांच्या हातांवर तुळस, विंचू, भावाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि हनुवटीवर ठिपके होते. ते काढणाऱ्या बाया गावोगाव फिरत, दोन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधून काजळी टोचत. आज जत्रेतल्या रांगेत पाळण्यांच्या पलीकडे एखादा माणूस चटई टाकून बसलेला असतो. समोर प्लास्टिकमध्ये मढवलेला नमुन्यांचा तक्ता असतो, त्यावर ओम, त्रिशूळ, मोर, बदाम, आई. बॅटरीवर चालणारं हाताएवढं मशीन घुर्र आवाज करतं. शाई बाटलीच्या टोपणात. एक जुनं फडकं मांडीवर, त्यानंच शाई पुसायची आणि रक्तही. एका पोराच्या मनगटावर नाव लिहून झालं की सुईचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवून तो पुढच्याला हात पुढे करायला सांगतो. भाव अक्षरावर. रांगेत कॉलेजची पोरं असतात, नवी लग्न झालेली जोडपी असतात, शाळेच्या गणवेशातली मुलंही असतात. संध्याकाळपर्यंत त्या एका सुईखालून किती मनगटं गेली हे त्यालाही सांगता येणार नाही.

वर सांगितलेल्या कसोटीला लावून पाहा. ओरेगॉनची अट या माणसाला लागू केली तर तो ३६० तास शिकायला जाणार नाही. तो पोलिसाला शंभर-दोनशे देईल, किंवा पुढच्या गावच्या जत्रेला जाईल. स्टुडिओच्या जागेची अट घातली तर चटईला मान्यता कुठून मिळणार? बंदी घातली तर तो तंबूत बसेल आणि काम तेवढंच चालेल. पण रोज सकाळी पाकीटबंद सुयांचा पुडा, ग्लोव्ह्जचा खोका आणि सुया टाकायला झाकणाचा डबा त्याला परवडेल अशा दरात मिळाला, आणि त्याच्या भाषेत कुणी अर्धा दिवस बसून दाखवलं की पेल्यातलं पाणी विषाणू का मारत नाही, तर तो ऐकेल असं मला वाटतं. त्यालाही हे रक्त रोज हाताला लागतं. हेपॅटायटिस बीचा धोका सर्वांत आधी त्यालाच आहे. त्यावरची लस देशभरात बालकांच्या नियमित लसीकरणात २०११ मध्ये आली, त्यामुळे आज टॅटू काढणाऱ्या वयातल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही.

याला आपल्याकडेच एक नमुना आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी मोठ्या हॉटेलांना परवाना आणि वार्षिक १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला शंभर रुपयांत साधी नोंदणी, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था केली. त्या व्यवस्थेत त्रुटी भरपूर आहेत, सगळे पाणीपुरीवाले नोंदले गेलेले नाहीत, आणि नोंदणी असलेल्यांचे हात स्वच्छच असतात असंही नाही. पण छोट्या माणसाला बेकायदा न ठरवता यादीत आणता येतं, एवढं तिनं दाखवलं. टॅटूसाठी हीच रीत बरी. स्टुडिओला परवाना, फिरत्या गोंदणाऱ्याला नोंदणी, आणि दोघांनाही एकच अट, संसर्ग टाळण्याचं शिक्षण आणि हेपॅटायटिस बीची लस.

या रचनेत ब्यूटी पार्लर सुटून जाता कामा नये. भुवया भरण्याचं, ओठांना रंग देण्याचं, कायमच्या काजळाचं काम आता छोट्या शहरांतल्या पार्लरमध्येही होतं. तिथंही तीच सुई, तेच रक्त, आणि जागा डोळ्यांच्या अगदी जवळची. ते काम करणाऱ्या स्वतःला टॅटू आर्टिस्ट म्हणवत नाहीत, ग्राहकही म्हणत नाहीत, म्हणून कायद्यानं कामाचं वर्णन करावं, धंद्याचं नाव घेऊ नये. वयाच्या प्रश्नावर मात्र मला फार घोळ घालायचं कारण दिसत नाही. ब्रिटननं १९६९ मध्येच अठराखालच्या मुलांना टॅटू काढायला मनाई केली. आपणही अठरा ठेवावं. परंपरेनं मुलींना लहानपणी गोंदणाऱ्या काही समाजांचा प्रश्न येईल, आणि तो त्यांच्याशी बोलूनच सोडवावा लागेल. जत्रेत शाळकरी पोराच्या मनगटावर मैत्रिणीचं नाव काढण्याशी त्याची सांगड घालू नये.

विरोधकांचा एक आक्षेप मला अजूनही टोचतो, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तपासणी कोण करणार? महापालिकेचा स्वच्छता निरीक्षक आधीच कचरा, डास आणि हॉटेलं यांत बुडालेला आहे. त्याच्या हाती टॅटूचा परवाना दिला तर वर्षातून एकदा येऊन तो भिंतीवरची चौकट बघेल, ऑटोक्लेव्हची, म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या यंत्राची, नोंदवही मागेल, आणि काही ठिकाणी पाकीट मागेल. चिरीमिरीची भीती खरी आहे, आणि ती सर्वांत जास्त भोवते छोट्या माणसाला. वेल्ससारखी यादी आपल्याकडे छापता येईल, पण वेल्सची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास आहे, एकट्या पुणे शहराहून कमी. त्यामुळे तपासणीवर सगळा भार टाकणारी व्यवस्था इथं टिकणार नाही, हे विरोधकांचं म्हणणं मी मान्य करतो.

त्यावरचा माझा तोडगा अपुरा आहे, पण हाताशी आहे तेवढा वापरावा. ग्राहकाला जे दिसत नाही ते शक्य तितकं दिसेल असं करावं. सुईचं पाकीट ग्राहकासमोर फोडणं आणि त्यावरचा व शाईच्या बाटलीवरचा लॉट क्रमांक त्याच्या पावतीवर लिहिणं सक्तीचं करावं. त्यानं फोन केला तर सहा महिन्यांनंतरही कुठली सुई, कुठली शाई वापरली हे कळेल. नोंदणी क्रमांक दारावर आणि जाहिरातीवर मराठीत असावा, आणि तो मोबाइलवर पडताळता यावा. निरीक्षकाला दंडाचा अधिकार असावा, पण जागेवर रोख घेण्याचा नसावा. शिक्षण देण्याचं काम खासगी अकादम्यांकडे न देता जिल्हा रुग्णालयांतल्या संसर्ग नियंत्रणाच्या परिचारिकांकडे द्यावं. हात कधी धुवायचे, ग्लोव्ह्ज कधी बदलायचे आणि सुई कुठं टाकायची, हे त्या रोज शिकवतात. दोन दिवस, मराठीत आणि हिंदीत, चारशे-पाचशे रुपयांत, शेवटी तोंडी परीक्षा, म्हणजे लिहिता न येणाराही ती देऊ शकेल. दर तीन वर्षांनी उजळणी. चित्र कसं काढतोस हे कुणीही विचारू नये.

सुयांच्या कचऱ्याचं काम तर नव्या कायद्याची वाट न पाहता सुरू करता येईल. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम दवाखाने, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, अगदी लसीकरण शिबिरांचीही नावं घेतात, टॅटू स्टुडिओचं घेत नाहीत. त्यामुळे आज वापरलेल्या सुया बहुतेक ठिकाणी साध्या कचऱ्याच्या पिशवीत जातात आणि घंटागाडीवरच्या सफाई कामगाराच्या बोटात शिरतात. त्या कामगारानं टॅटू काढून घेतलेला नसतो, पैसे मिळवलेले नसतात, संमतीपत्रावर सही केलेली नसते. महापालिकेनं ठराव करून शहरातल्या टॅटू स्टुडिओंना आणि पार्लरना जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या गाडीशी जोडावं आणि न भोसकता येणारे पांढरे डबे द्यावेत. जत्रेच्या काळात जत्रा समितीच्या आरोग्य कक्षातही एक डबा ठेवावा, गोंदणाऱ्याला दिवसाच्या सुरुवातीला नव्या सुया तिथंच मिळाव्यात आणि जुन्या तिथंच टाकता याव्यात. डबा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि फोन लिहून ठेवला, की कोण, कुठं, किती लोक हे काम करतात याची पहिली खरी यादीही त्यातूनच तयार होईल.